डिस्चार्ज मिळाला म्हणजे माणूस बरा झाला काय?



उरल्याच्या साइडिंगवर वॅगनवरून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका ठेकेदारी कामगाराच्या घरी आम्ही गेलो होतो. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, डिस्चार्जचा कागद मिळाला. शेवटची ओळ : फिजिओथेरपी चालू ठेवावी. कोठे? कोणाच्या पैशाने? कागद गप्प! खाटेवर पडलेल्या त्या गड्याचा उजवा हात आखडून मूठ वळली होती, पाठीला बेडसोर झाले होते. बायको नाकातल्या नळीतून पेज घालीत होती. त्याला गिळता येते की नाही, हे तपासायला डिस्चार्जनंतर कोणीच आले नव्हते.

अशा दुखापतीत डॉक्टर शुद्धीचे पंधरापैकी गुण मोजतात. आठ किंवा त्याखाली आले की दुखापत गंभीर. पुनर्वसन ही घरी गेल्यावरची गोष्ट नव्हे, ते अतिदक्षता विभागातच सुरू झाले पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदलायची, सांधे हलवायचे, मग बसवायचे, गिळायला शिकवायचे, बोलते करायचे. सर्वांत अवघड काम डोळ्यांना दिसत नाही : आठवण, लक्ष, राग आवरणे. चालू लागलेला शंटमन फिट दिसतो, पण एकदम तीन हुकूम दिले तर तिसरा विसरतो. सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो आणि नेमके तेच महिने आमची माणसे खाटेवर काढतात.

एवढी सेवा कोण करणार, असे विचारणाऱ्यांनी मुंबईच्या केईएमकडे पाहावे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. त्या बऱ्या झाल्या नाहीत, होणारही नव्हत्या. पण १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ऐंशीच्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी त्यांना हलवू पाहिले, तेव्हा परिचारिकांनी विरोध करून तो बेत हाणून पाडला. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ही सेवा वाखाणली. खाट राखली ती कामगारांच्या एकजुटीने, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

जी बरी होऊ शकतात अशा माणसांचे काय? रेल्वे-टपालातील कायम नोकराला कायद्याचा आधार आहे. आधी १९९५ च्या अपंग कायद्याचे ४७ वे कलम होते, आता २०१६ च्या कायद्याचे २० वे. सेवेत असताना अपंगत्व आले तर काढता येत नाही. झेपेल असे काम त्याच पगारावर द्यावे लागते. मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्या बंधूंनी हे लक्षात ठेवावे. पण हे कलम सरकारी आस्थापनांपुरते. साइडिंगवर तोच माल उतरवणाऱ्या ठेकेदारी मजुराला ते लागू नाही. त्याच्या वाट्याला भरपाई, तीही कमाईची ताकद किती टक्के गेली याचा हिशेब लावून. गिळायला शिकवण्याचे टक्के कोण मोजणार?

रायपुरातच, टाटीबंधला, एम्समध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. जखमी माणूस तेथवर पोहोचेल आणि महिनोन्‌महिने येत राहील, ही सोय कोणी करायची? आमचे उत्तर : ज्याचा माल, त्याने. साइडिंगच्या प्रत्येक ठेक्यात पुनर्वसनाचा खर्च लिहिलेला हवा आणि मंडल रुग्णालयात फिजिओथेरपिस्टबरोबर वाचा-उपचार करणारा माणूस हवा. पुढील पीएनएम बैठकीत हा विषय आम्ही मांडणार आहोत. शाखा सचिवांनी डोक्याला मार लागलेल्या साथींची यादी त्याआधी पाठवावी. ठेकेदारांकडील नावेही त्यात हवीत, मस्टरवर नसली तरी.