चेतारक्षक गोळ्या आणि न सांगितलेला निष्कर्ष

रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूच्या पेशी वाचवणारी, अर्थात ‘चेतारक्षक’ म्हणवली जाणारी औषधे आपल्याकडे ज्या सहजपणे लिहून दिली जातात, त्या सहजपणाला पुराव्याचे पाठबळ नाही, आणि ही बाब रुग्णाच्या नातेवाइकांना क्वचितच कळते.

या औषधांमागची कल्पना मुळात चुकीची नव्हती. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की मधला गाभा काही मिनिटांतच मरतो. भोवतालचा भाग मात्र शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या तुटपुंज्या रक्तावर काही तास तग धरतो, आणि ग्रहणातल्या अर्धवट अंधाराचे नाव उसने घेऊन त्याला उपच्छाया म्हटले जाते. तेथे ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन बेसुमार साठते, त्यामुळे पेशींत कॅल्शियम घुसते, मुक्त मूलके नावाचे विध्वंसक रेणू तयार होतात आणि पेशी आतून पोखरली जाते. ही साखळी मध्येच तोडण्यासह पक्षाघाताच्या झटक्यावर योजलेल्या अशा १,०२६ प्रायोगिक उपायांची मोजदाद २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी एनएक्सवाय-०५९ या औषधाची पहिली मोठी चाचणी आशादायक ठरली आणि पुढच्याच वर्षी, तीन हजारांहून अधिक रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत, ती आशा मावळली. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण व धडधाकट असतो आणि औषध त्याला बहुधा गुठळीनंतर लगेच, कधी तर आधीच मिळते. दवाखान्यात येणारा रुग्ण उतारवयाचा, मधुमेही आणि काही तास उशिरा पोचलेला असतो. शिवाय वाहिनीच बंद असेल, तर शिरेतून दिलेले औषध पलीकडे पोचणार कसे?

डिस्चार्ज कार्डावर अॅस्पिरिन आणि रक्तदाबाच्या गोळीखाली अनेकदा दिसणारी ‘सिटिकोलिन ५०० मि.ग्रॅ., सकाळ-संध्याकाळ’ ही ओळ या पार्श्वभूमीवर वाचावी. स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीतील २,२९८ रुग्णांवर, कार्डावरच्या मात्रेहून दुप्पट मात्रेत सहा आठवडे, या औषधाची चाचणी झाली. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार नव्वद दिवसांनंतर औषध घेतलेले आणि न घेतलेले यांच्या सुधारणेत दखल घ्यावी असा फरक नव्हता. एडाराव्होन या दुसऱ्या चेतारक्षक औषधाला जपानने २००१ मध्ये मान्यता दिली हे खरे, पण एका देशाची मान्यता म्हणजे सर्वमान्य पुरावा नव्हे.

‘अपाय तर होत नाही ना’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद, आणि सिटिकोलिनपुरता तो बव्हंशी बरोबरही आहे. पण ज्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला आहे, तेथे महिनोन्महिने या गोळ्यांवर जाणारा पैसा फिजिओथेरपीच्या फीमधूनच कापला जातो. मोठ्या वाहिनीतील गुठळीवर उपचार झाला नाही, तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. त्यामुळे साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देणे, किंवा योग्य रुग्णात नळी घालून ती ओढून काढणे, हेच आजचे सिद्ध मेंदूरक्षण होय. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, की सकाळपर्यंत वाट न पाहता सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे लागते, हे घरोघरी ठाऊक नसताना चेतारक्षक गोळीचे नाव मात्र पाठ असते.

संशोधन थांबावे असे कोणी म्हणणार नाही. गुठळी काढून वाट मोकळी झाल्यावर तरी अशी औषधे उपयोगी पडतील का, हा प्रश्न अजून खुला आहे. तोवर कार्डावरील कोणती गोळी पुढचा झटका टाळण्यासाठी आहे, म्हणून कधीही बंद करायची नाही, आणि कोणती केवळ आशेपोटी लिहिली आहे, हे डॉक्टरांनी त्याच कार्डावर मराठीत लिहून द्यावे.

— एक वाचक