स्टुलावरचा धाकटा

इतवारीच्या किराणा ओळीत आमच्या परिचयाचे एक दुकान आहे. गल्ल्यावर थोरला भाऊ, काट्यापाशी दोन नोकर, आणि आत पोत्यांच्या थप्पीला टेकून स्टुलावर धाकटा. धाकट्याला ऐन विशीत स्किझोफ्रेनिया झाला. भिंतीपलीकडून माणसे आपल्याविषयी बोलतात असे त्याला ऐकू येई. औषधे सुरू झाली, आवाज थांबले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. घरच्यांच्या लेखी तो बरा झाला. मध्यंतरी त्याला काट्यापाशी उभे करून पाहिले. गिऱ्हाइकाने अर्धा किलो तूरडाळ, पाव किलो साबुदाणा आणि शंभर ग्रॅम जिरे मागितले. डाळ तोलून होईतो साबुदाणा मनातून निसटला, तेवढ्यात दुसऱ्याने हाक मारली आणि जिरेही गेले. सुटे पैसे देताना हिशेब चुकला. गिऱ्हाईक हसले. धाकटा पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. थोरल्याचा निवाडा तेव्हापासून ठरलेला आहे: "काहीच करत नाही जी, नुसता बसून रायते."

हा निवाडा अन्यायाचा आहे, आणि तो केवळ थोरल्याचा नाही. आपल्या सगळ्या समाजाने तो दिलेला आहे. त्याचा काही दोष आमच्या मते भाषेकडेही जातो. 'छिन्नमनस्कता' हा मराठी शब्द ऐकला की वाचकाच्या डोळ्यांपुढे एका देहात नांदणारी दोन माणसे उभी राहतात. चित्रपटांनी आणि रहस्यकथांनी या समजाला भरपूर खतपाणी घातले. (२००४ सालचा 'देवराई' हा सन्मान्य अपवाद.) वास्तविक १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने 'स्किझोफ्रेनिया' हे नाव योजले तेव्हा त्याच्या मनात दोन व्यक्ती नव्हत्याच. एका विचाराला दुसरा विचार जोडणारा धागा तुटतो, हे त्याला सांगायचे होते. भास आणि भ्रम त्याच्या लेखी दुय्यम होते. नंतरच्या काळात भास ठळक दिसतात म्हणून तेच आजार होऊन बसले, आणि तुटलेला धागा मागे पडला.

औषधांचा इतिहासही याच वाटेने गेला. १९५२ साली क्लोरप्रोमाझीन आले आणि आवाज, संशय, भीती यांवर प्रथमच इलाज सापडला. ही फार मोठी गोष्ट होती. तिच्याविषयी कुरकुर करण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु अवधान, स्मरण, एकापाठोपाठ एक कामे आखणे या गोष्टींना त्या औषधांनी फारसा हात लावला नाही. हात थरथरू नयेत म्हणून सोबत दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी गोळी तर स्मरणशक्ती आणखी मंद करू शकते. ती अजून लागते का, हे वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी दाखवून औषध आणणाऱ्या कुटुंबाने डॉक्टरांना जरूर विचारावे. मनाने मात्र बंद करू नये.

मग उपाय काय? गेल्या काही दशकांत विचारशक्तीलाच व्यायाम देणारी एक उपचारपद्धती उभी राहिली आहे. इंग्रजीत तिला 'कॉग्निटिव्ह रेमेडिएशन' म्हणतात. मराठीत कुणी 'संज्ञानात्मक पुनर्वसन' म्हणतात, जे उच्चारतानाच निम्मी संज्ञा खर्ची पडते. तिचे तत्त्व साधे आहे. लक्ष टिकवणे, ऐकलेले क्षणभर मनात धरून ठेवणे, एका कामावरून दुसऱ्यावर न गोंधळता जाणे, या क्षमता सोप्याकडून अवघडाकडे सरावाने वाढवायच्या. आणि उरलेल्या उणिवेला युक्तीची जोड द्यायची.

परदेशात हे बहुधा संगणकावर चालते. परंतु बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत जी पद्धत घडली तिच्यात कागद, पेन्सिल आणि चक्क धान्य आहे. मिसळलेले धान्य समोर ठेवायचे आणि रुग्णाने ते निवडून वेगळे करायचे. अवधान टिकवण्याचा हा व्यायाम! आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा इतवारी डोळ्यांपुढे आली. घाऊक व्यापार बराचसा कळमन्याला गेला तरी तूर, हरभरा, जवस यांची पोती या ओळींतून अजून उतरतात, आणि त्यांच्या मधोमध बसलेल्या धाकट्याच्या हाती कुणी एक सूप दिलेले नाही.

निम्हान्सच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आजाराचा पहिलाच झटका आलेले पंचेचाळीस रुग्ण होते. काहींना नेहमीच्या औषधोपचाराबरोबर दोन महिने घरच्या घरी, घरातल्या माणसाच्या देखरेखीखाली असा सराव दिला. त्यांचे अवधान आणि नियोजन सुधारले. मात्र शेवटच्या तपासणीपर्यंत जेमतेम निम्मेच रुग्ण टिकले, हेही सांगायला हवे. २०२१ साली जगभरच्या १३० अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष असा की फायदा खरा आहे, पण लहान आहे. तो वाढतो कधी? शिकवणारा माणूस प्रशिक्षित असेल, नुसत्या घोकंपट्टीऐवजी युक्त्या शिकवल्या जातील, आणि सरावाला प्रत्यक्ष जगण्याची, कामाची जोड असेल तेव्हा.

या शेवटच्या अटीवर आम्हांस विशेष भर द्यावासा वाटतो. सूप हाती दिले आणि 'बस निवडत' म्हटले, तर तो उपचार नव्हे. ती फक्त स्टुलाची जागा बदलणे झाले. आपल्या घरांतून बायका जन्मभर धान्य निवडत आल्या, त्याला कुणी उपचार म्हटले नाही आणि मोलही दिले नाही. आजारी सुनेला किंवा बहिणीला 'डॉक्टरांनीच सांगितले आहे' म्हणून चार पायल्या तूर निवडायला बसवणारे घर आम्ही सहज कल्पू शकतो. दुसरा धोका परीक्षेचा. घरचा माणूस शिक्षक झाला की रोज गुण देऊ लागतो, आणि रोज नापास होणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात सूप भिरकावतो. चूक होणारच नाही इतक्या सोप्या पायरीपासून सुरुवात करणे, हे म्हणूनच या पद्धतीतले खरे कसब आहे. ते शिकवणारी माणसे कुठे आहेत?

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचे. दीडशेहून अधिक वर्षे हे शहर आपल्या वेड्या म्हटलेल्या माणसांना ठेवायला जागा बाळगून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला, आणि घरी व वस्तीत पुनर्वसनाच्या सेवा उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. परंतु इतवारीतून निघालेल्या माणसाला भिंतींची इमारत जितकी सहज सापडते तितकी सहज दोन महिने दिवसाआड येऊन पायरी-पायरीने शिकवणारी व्यक्ती सापडत नाही. खाटा मोजता येतात, इमारतीला कोनशिला बसवता येते. धाकट्याने पाच वस्तूंची यादी लक्षात ठेवली, याचे उद्घाटन कोण करणार?

असो. परवा हे सारे आम्ही थोरल्या भावाला सांगितले. त्याने नोटा मोजता मोजता ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे त्याला कळते, पण टिकत नाही, असं का?" आम्ही होय म्हटले. वीस वर्षांत हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. काट्याशेजारी खिळ्याला चिठ्ठ्यांची एक गड्डी टांगावी, गिऱ्हाइकाने सांगितलेले धाकट्याने आधी मोठ्याने म्हणावे, मग लिहावे, आणि एक जिन्नस तोलून झाला की त्यावर काट मारावी. दुपारी दोन ते चार, जेव्हा ओळीत गर्दी नसते, तेव्हाच त्याला उभे करावे, एवढे आम्ही सुचवले. तज्ज्ञाची जागा ही गड्डी घेणार नाही, हेही सांगितले.

थोरला म्हणाला, "गिऱ्हाईक थांबन का?"

आत स्टुलावर बसलेल्या धाकट्याने मान वर केली होती.