आग दोन्हीकडे, बंब एकीकडे

कोविड-१९ च्या महासाथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु साथ ओसरली की तिने शिकविलेला धडाही विसरावयाचा, ही आपली जुनी खोड आहे. तो धडा असा की, श्वासावाटे शिरणाऱ्या विषाणूचा उपद्रव फुफ्फुसांपाशीच थांबत नाही. रुग्णालयात न्यावे लागण्याइतका आजार बळावला की मूत्रपिंडेही धोक्यात येतात.

न्यूयॉर्कने हा धडा जबर किंमत देऊन घेतला. त्या महानगराच्या परिसरातील १३ रुग्णालयांत १ मार्च ते ५ एप्रिल २०२० या काळात दाखल झालेल्या ५,४४९ रुग्णांची पाहणी तेथील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १,९९३ जणांच्या, म्हणजे शेकडा ३६.६ रुग्णांच्या, मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली होती. श्वासयंत्रावर असलेल्यांत हे प्रमाण शेकडा ८९.७ होते. श्वासयंत्रांच्या तुटवड्याची जगभर चर्चा चालू असता त्याच शहरात डायलिसिसची यंत्रे, द्रावणे आणि प्रशिक्षित परिचारिका अपुऱ्या पडल्या. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशी म्हण आहे. येथे आग दोन्हीकडे लागली होती. बंब मात्र एकीकडेच धावले.

हे नवलही नव्हते. स्वाइन फ्लूने भारतातील पहिला बळी २००९ मध्ये पुण्यात घेतला. त्या साथीतही अतिदक्षता विभागांतील रुग्णांत हीच गुंतागुंत अनेक देशांत आढळली होती. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. ताप, उलट्या, जुलाब यांनी शरीरातील पाणी घटले, रक्तदाब उतरला, प्राणवायू कमी पडला, की त्यांना झळ बसते. त्यात काही वेदनाशामक व प्रतिजैविक औषधांची भर पडली म्हणजे दुष्काळात तेरावा महिना! डॉक्टरांपुढील पेचही खरा आहे. सलाईन अधिक दिले तर फुफ्फुसे पाण्याने भरतात, कमी दिले तर मूत्रपिंडे कोरडी पडतात.

गर्दीने फुगलेल्या वॉर्डात हे बारकावे कोण पाहणार, असे विचारले जाईल. पण या इजेची पहिली खूण ओळखण्यास भारी यंत्र लागत नाही. मूत्रपिंड दुखून इशारा देत नाही. लघवीचे घटते प्रमाण आणि रक्तातील वाढते क्रिएटिनिन हीच त्याची भाषा. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने चढले तरी ती तीव्र इजा मानली जाते. तेव्हा मोजपात्र, नोंदवही आणि ती नेमाने भरणारा माणूस, एवढी तजवीज न करण्यास गरिबीची सबब चालणार नाही.

सरकारने २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांसाठी मोफत डायलिसिसची योजना सुरू केली, ती स्तुत्यच आहे. परंतु ठरल्या दिवशी केंद्रावर चालत येणारा जुनाट विकाराचा रुग्ण निराळा आणि अतिदक्षता विभागात श्वासयंत्राला जखडलेला संसर्गग्रस्त रुग्ण निराळा. दुसऱ्याच्या खाटेपाशी यंत्र नेण्याची सोय साथ येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. शिवाय घरी जाणाऱ्याच्या कागदावर मूत्रपिंडांना इजा झाली होती काय, हे स्पष्ट लिहिलेले असावे आणि तीन महिन्यांनी तपासणीस येण्याची तारीखही असावी. कारण अशा इजेतून वाचलेल्यांना पुढे जुनाट मूत्रपिंडविकार जडण्याचा धोका अधिक असतो.

आमच्या सुशिक्षित वाचकांवरही काही जबाबदारी आहे. मधुमेह वा रक्तदाब असलेल्या माणसाने तापात औषधांच्या दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नयेत. आणि आप्तांच्या खाटेशी बसणाऱ्याने प्राणवायूचा आकडा विचारताना लघवी किती झाली, हेही विचारण्यास संकोचू नये. त्या प्रश्नात लाजण्यासारखे काही नाही. तो वेळेवर न विचारल्याने मात्र प्राणाशी गाठ पडू शकते.