डॅशबोर्डला ‘अर्थ’ हवा!

संकष्टी, त्यात शनिवार आणि दिमतीला बाबांची जुनी पद्मिनी. कॉम्बिनेशन एकदम सही! सासवड, जेजुरी करत मोरगाव गाठलं. मयूरेश्वराचं दर्शन झालं, चंद्रोदयही झाला. परत निघताना हेडलाइट लावले, तर डॅशबोर्ड जवळपास काळोखात. स्पीडोमीटरचा काटा केबलवर चालतो, त्यामुळे तो फिरत होता. दिसत मात्र नव्हता. पेट्रोल किती, इंजिन तापलंय का, सगळंच अंदाजपंचे. रात्रीच्या रस्त्यावर हे अजिबात फनी नाही, बॉस!

माझं लॉजिक सोपं होतं : बल्ब जुने झालेत, जास्त वॉटचे टाकू. गॅरेज बंद करणाऱ्या मेकॅनिककाकांनी हातच जोडले. “ताई, बल्बला अर्थच मिळंना, तो तरी काय करणार?”

‘अर्थ’ म्हणजे अर्थिंग. गाडीत बल्बपर्यंत करंट वायरने येतो आणि परत जातो बॉडीच्या पत्र्यातून. त्या वाटेत गंज बसला की दिवे मंद. अशा वेळी मोठा बल्ब लावला, तर उजेड राहतो बाजूला, मीटरचं प्लॅस्टिक मात्र तापून वितळू शकतं. काकांनी वायरचं एक टोक मीटरच्या धातूला लावलं, दुसरं बॉडीच्या घासून स्वच्छ केलेल्या बोल्टला. दिवे लख्ख! दोष गाडीचा नव्हता, आमच्या आळसाचा होता.

तुमच्याकडेही अशी म्हातारी असेल, तर एवढं बघा. एकच दिवा मंद असेल, तर बल्ब किंवा त्याचा होल्डर तपासा. सगळेच मंद असतील, तर अर्थ आणि फ्यूजच्या क्लिपा पॉलिश पेपरने घासा. उजेड कमी-जास्त करायचा नॉब असेल, तर तो चार-पाच वेळा फिरवा. आतला गंज सुटतो. रेस दिल्यावर हेडलाइटही उजळत असतील, तर बॅटरी किंवा चार्जिंगकडे बघा. इंजिन चालू असताना मल्टिमीटरवर साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. आणि मीटरमागे हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढाच!

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी रिटायर झाल्या. आता उरल्यात त्या घरोघरी जपलेल्या. नवे पार्ट शोधत फिरण्याआधी एक बोल्ट घासून बघा. कधी कधी तेवढ्यानेच अर्थ लागतो!