इन्सुलिनची सुई जाते कुठे?

दोन महिन्यांपूर्वी कात्रपमधल्या माझ्या दवाखान्यात कचरा वेगळा करणारी एक बाई आली. बोटात सुई शिरली होती. कोणाच्या घरातली, हे सांगणार कोण? बोट साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवायला लावले आणि तिला लगेच उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात धाडले; कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू व्हावी लागतात. 'ब' आणि 'क' काविळीच्या तपासण्या पुढे काही महिने चालतात. प्रत्येक फेरीला तिचा एक रोज बुडतो.

वाचकहो, माझ्या दवाखान्यातली सुई जाड पांढऱ्या डब्यात बंद होऊन वेगळ्या गाडीने जाते. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचे तसे बंधनच आहे. तीच सुई मधुमेही रुग्णाने घरी टोचली की भाजीच्या देठांबरोबर घंटागाडीत!

२०१६ च्याच घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितले होते. असे केंद्र आपण कधी पाहिले आहे का? आता १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेले नवे नियम आले. त्यांत कचऱ्याचे चार भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. कचराभूमीत फक्त कशाच्याही उपयोगी न पडणारा कचरा जायचा. मिसळलेला पाठविल्यास जादा शुल्क.

हे शुल्क मला पटते. २०१५ साली उच्च न्यायालयाने कचऱ्यापायी कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या, तेव्हा आधारवाडीच्या धुराची खरी चर्चा झाली. खिशाला झळ लागल्याशिवाय आपल्याकडे काही हलत नाही, हा अनुभव आहे. पण शुल्क भरणार नगरपालिका, आणि सुई टाकणार आपण. कडक नियमामुळे कचरा हाताने निवडण्याचे काम वाढणार असेल, तर आधी त्या हातांना जाड मोजे आणि 'ब' काविळीच्या लसीचे तिन्ही डोस द्या. कंत्राटदाराला हे जमत नसेल तर कंत्राट कशाला?

घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी फरशी पुसण्याच्या औषधाची रिकामी जाड बाटली ठेवावी. सुई वापरताच तीत टाकावी. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून वर ठळक अक्षरांत 'सुया' लिहावे आणि ती घंटागाडीवरच्या माणसाच्या हाती, सांगून, वेगळी द्यावी.