‘फॉरमॅट’ मारण्याआधी थांबा

मागे एका शनिवारी रात्री सायखेड्याहून भाचीचा फोन आला. “मामा, जयभीम. कॉम्प्युटर गेला. सगळे कागद त्यातच आहेत, आणि सोमवारी फॉर्म भरायचाय.” पुढे तिला बोलवेना.

हे कागद कसले, ते आधी सांगतो. सायखेडा हे निफाड तालुक्यातले गोदाकाठचे गाव. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा गावात पाणी शिरले. माझ्या बहिणीच्या घरातली पत्र्याची पेटी पाण्यात भिजली. त्या पेटीत भाचीच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता, घरपट्टीच्या जुन्या पावत्या होत्या, आजीचा एकुलता एक फोटो होता. जात पडताळणीच्या वेळी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा घरात असणे किती मोलाचे असते, हे आपल्या माणसांना मी सांगायला नको. बहिणीने एकेक कागद दोरीवर वाळवला, वर फडके ठेवून इस्त्री फिरवली. पण शाई दरवर्षी फिकट होत चालली. भाची कॉलेजात जाऊ लागली, दाजींनी कांदा मार्केटातल्या हमालीतून पैसे साठवून एक जुना कॉम्प्युटर घेऊन दिला. तिने पहिले काम केले ते हे, की सगळे कागद स्कॅन करून त्यात ठेवले.

या कॉम्प्युटरमध्ये दोन ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ आहेत. एक विंडोज, दुसरी लिनक्स. पुष्कळांच्या घरी अशी जोडी आता दिसू लागली आहे. विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि अनेक जुन्या मशीनवर पुढची आवृत्ती चालत नाही. लिनक्स फुकट मिळते व जुन्या मशीनवरही बरे चालते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे लिनक्स तयार केलेले आहे. त्यामुळे जुने विंडोज ठेवायचे आणि शेजारी लिनक्स बसवायचे, असे पुष्कळ मुले करतात. मशीन सुरू केले की पडद्यावर यादी येते: यात जायचे की त्यात? ही यादी दाखवणारा आणि निवडलेली सिस्टिम सुरू करून देणारा जो छोटा प्रोग्रॅम, त्याला ‘बूट लोडर’ म्हणतात. लिनक्सबरोबर येणाऱ्या बूट लोडरचे नाव ‘ग्रब’. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये त्याची सुरुवात केली.

त्या दिवशी घडले असे. भाच्याला गेमसाठी जागा हवी होती. त्याने विंडोजमधून ‘डी’ नावाचा रिकामा कप्पा पुसून टाकला. मोकळी झालेली जागा ‘सी’ला जोडता येईना, म्हणून मशीन बंद करून पुन्हा चालू केले. तर पडदा काळा! वर पांढऱ्या अक्षरांत ‘नो सच पार्टिशन’, म्हणजे ‘असा कप्पाच नाही’, आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढेच. विंडोज नाही, लिनक्स नाही. पोरगा रडकुंडीला आला. दाजी मशीन घेऊन तालुक्याच्या गावी एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “हार्ड डिस्क उडाली. फॉरमॅट मारावी लागेल. अडीच हजार.” दाजींनी विचारले, “आतले कागद?” तो म्हणाला, “ते गेलेच समजा.” दाजी मशीन उचलून घरी घेऊन आले. त्यांनी त्या क्षणी ‘हो’ म्हटले नाही, म्हणून आज मी हे लिहू शकतो.

दुकानदार लबाड होता असे मी म्हणत नाही. पुष्कळांना एकच औषध शिकवलेले असते, ते प्रत्येक दुखण्यावर देतात. पण हे दुखणे निराळे होते.

चाळीतल्या खोल्यांचे उदाहरण घ्या. खोल्यांना नंबर आहेत. मधली पाच नंबरची रिकामी खोली पाडली, आणि सहा नंबरच्या खोलीवर पाचचा नंबर लागला. पोस्टमन पत्र घेऊन आला. त्याच्याकडे जुना पत्ता, ‘खोली नंबर सहा’. सहा नंबर कुठेच नाही. तो दारातूनच ओरडला, “अशी खोलीच नाही!” म्हणून काय खोलीतली माणसे गेली? ती चूल पेटवून आत बसलेली आहेत.

जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये नेमके असेच चालते. हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात ५१२ बाइट एवढीच जागा असते. एका पोस्टकार्डावर मावेल इतका मजकूर. त्यातले ४४६ बाइट बूट लोडरच्या सुरुवातीच्या भागाला आणि ६४ बाइट कप्प्यांच्या यादीला. उरलेले दोन बाइट म्हणजे नुसती खूण. यादीत मुख्य कप्पे चारच बसतात, म्हणून त्यातल्या एकाच्या पोटात आणखी कप्पे करतात आणि त्यांचे नंबर पाचपासून सुरू होतात. भाचीचा ‘डी’ होता पाच, लिनक्स होते सहा. पाच पुसला, सहाचा पाच झाला. ग्रबचा उरलेला भाग लिनक्सच्या कप्प्यात असतो. तो जुन्या नंबरावर सापडेना, म्हणून विंडोजचीही वाट अडली. कागद मात्र जागच्या जागी होते.

रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी सायखेड्याला गेलो. खुर्चीवर भाचीला बसवले, मी बाजूला बसलो. आधी एक काम केले. मैत्रिणीच्या मशीनवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये लिनक्स भरून आणायला मी तिला रात्रीच सांगितले होते. ती पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केले. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालते, हार्ड डिस्कला हात लावावा लागत नाही. मात्र ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘ट्राय’ म्हणजे ‘वापरून पाहा’ हेच निवडायचे. हार्ड डिस्कचे कप्पे पडद्यावर दिसले. भाचीने लिनक्सचा कप्पा उघडला. आजोबांचा दाखला समोर आला. बहीण मागे उभी होती. ती काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले. सगळे कागद दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. वाचकहो, हा क्रम विसरू नका. आधी कागद बाहेर, मग दुरुस्ती.

मग पेनड्राइव्ह काढली आणि पुन्हा त्या काळ्या पडद्यावर आलो. तिथे ‘एल एस’ ही दोन इंग्रजी लहान अक्षरे टाइप केली की मशीन आपल्या कप्प्यांची नावे सांगते. एकेका नावापुढे तिरकी रेघ देऊन तोच हुकूम द्यायचा. भलत्या कप्प्याला ‘ओळख पटत नाही’ अशा अर्थाचे उत्तर येते. बरोबर कप्पा आपल्या आतल्या फोल्डरांची नावे सांगतो. पाच नंबरने नावे सांगितली. मग ‘सेट प्रीफिक्स’ या हुकमाने ग्रबचे फोल्डर पाच नंबरात आहे असे सांगितले, ‘सेट रूट’ने तोच कप्पा नेमून दिला, ‘इनसमॉड नॉर्मल’ आणि शेवटी ‘नॉर्मल’. चार ओळी. पडद्यावर नेहमीची यादी आली. भाचा ओरडला, “आलं!”

पण काम इथे संपत नाही. हा पत्ता तेवढ्या वेळेपुरताच लक्षात राहतो. लिनक्समध्ये गेल्यावर टर्मिनल उघडून दोन हुकूम द्यावे लागतात: ‘अपडेट-ग्रब’ने यादी नव्याने तयार होते, ‘ग्रब-इन्स्टॉल’ने नवा पत्ता डिस्कच्या सुरुवातीच्या भागात कायम होतो. दुसरा हुकूम सबंध डिस्कच्या नावाने द्यायचा, एखाद्या कप्प्याच्या नावाने नव्हे. तिथेच पुष्कळ जण चुकतात. ज्यांना हे टाइप करणे जड वाटते, त्यांच्यासाठी ‘बूट-रिपेअर’ नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. पेनड्राइव्हवरच्या लिनक्समधून तो चालवता येतो.

नव्या मशीनमध्ये व्यवस्था थोडी वेगळी. ‘यूईएफआय’ पद्धतीत एक छोटा स्वतंत्र कप्पा असतो आणि त्यात विंडोजचे व लिनक्सचे बूट लोडर आपापल्या फोल्डरात राहतात. तिथे पुष्कळदा बिघाड काहीच नसतो, फक्त क्रम बदललेला असतो. मशीन सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप दाबले (कंपनीप्रमाणे बटन बदलते) की दोन्ही नावे दिसतात. सेटिंगमध्ये जाऊन हवे ते वर आणायचे.

आणि चूक नेहमी घरातल्या पोराचीच असते असेही नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभर अनेक दुहेरी मशीनवर लिनक्स सुरू होईनासे झाले. जुने, असुरक्षित बूट लोडर अडवण्यासाठी ती सोय होती. दुहेरी मशीनना ती लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते, तरी अनेकांना लागू झाली. ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद करून, लिनक्समधून तो नियम पुसून, ते पुन्हा चालू करणे असा उपाय होता. मे २०२५ च्या अपडेटमध्ये कायमची दुरुस्ती आली. त्या वेळीही लोकांच्या फाइली आत सुखरूप होत्या.

एक सावधगिरी मात्र घ्या. काही नव्या लॅपटॉपवर विंडोजचा कप्पा ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद असतो. बूटच्या सेटिंगला हात लावला की तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती किल्ली मशीन चालू असतानाच वहीत उतरवून ठेवा. आणि डिस्क खरोखरच खराब होत असेल, म्हणजे आतून टकटक आवाज येत असेल किंवा मशीनला डिस्क दिसतच नसेल, तर घरी प्रयोग करू नका, जाणकाराकडे द्या.

दुकानात गेलात तर दोनच प्रश्न विचारा. “डिस्क गेली आहे, की नुसता बूट लोडर?” आणि “आधी माझ्या फाइली काढून द्याल का?” या दोहोंचे नीट उत्तर न देणाऱ्याच्या हाती मशीन सोपवू नका. आपल्या घरात एक दाखला तयार व्हायला एक पिढी शाळेत जावी लागली आहे. तो कोणाच्या घाईपायी पुसला जाऊ देऊ नका. आणि अशा कागदाची प्रत एकाच जागी ठेवू नका. एक मशीनमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. पूर आला तर सगळीकडे एकाच वेळी येत नाही.

सोमवारी भाचीने फॉर्म भरला. भाच्याला कोणी मारले नाही. त्याने ते चार हुकूम सुवाच्य अक्षरात एका पुठ्ठ्यावर लिहिले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. खाली स्वतःच्याच मनाने पाचवी ओळ लिहिली: ‘माहीत नसलेला कप्पा पुसू नये.’