‘तिकडच्या’ बायका आणि आपण

परदेश पाहून आलेला माणूस आठ दिवसांत तिथल्या बायकांविषयी कायमचे मत बनवून परततो. आमच्या कोपरीतही आता इजिप्त-दुबईच्या सहली केलेली, आखातात नोकरी केलेली कुटुंबे आहेत. बैठकीत विषय निघाला की हकिगती सुरू होतात. “तिकडे नवराबायकोसुद्धा रस्त्यात हात धरत नाहीत. मुलगी कुमारी नसेल तर तिची धडगत नाही. त्या मानाने आपल्या बायका किती मोकळ्या!” ऐकणाऱ्या माना डोलावतात, सुखावतात. माझा राग आहे तो या सुखावण्यावर.

इजिप्तमध्ये घडले ते भयंकरच होते, त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. मार्च २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकात लष्कराने आंदोलक मुलींना पकडले आणि कोठडीत त्यांची ‘कौमार्य चाचणी’ केली. समीरा इब्राहिम या तरुणीने लष्कराविरुद्ध दावा लावला. डिसेंबर २०११ मध्ये न्यायालयाने लष्करी तुरुंगातल्या अशा चाचण्या थांबवण्याचा आदेश दिला. पुढे २०१२ साली लष्करी न्यायालयाने संबंधित डॉक्टरला मात्र निर्दोष सोडले. सहलीला गेलेल्यांना पिरॅमिड दिसतात. समीरा दिसत नाही. त्यामुळे ‘तिकडच्या बायका’ म्हणजे मुकाट सोसणाऱ्या, असेच चित्र घरी येते.

आणि हा प्रश्न काय फक्त तिकडचाच आहे? जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची अशीच तपासणी झाली. ती खरोखरच अविवाहित आहे का, हे तिच्या शरीरावरून ठरवायचे होते! भारतीय नवरी लग्नाआधी कुमारीच असणार, हे त्या सुधारलेल्या देशाच्या अधिकाऱ्यांनी गृहीत धरले होते. भारत सरकारने निषेध केला, बोभाटा झाला, आणि ब्रिटनला ही पद्धत बंद करावी लागली. त्या वेळी परक्यांच्या नजरेत ‘तिकडच्या बायका’ आपणच होतो, आणि अपमान आपल्याला बरोबर कळला होता.

पण त्याच सुमारास आपल्या घरात काय चालले होते? १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. मुंबई उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. मुलगी ‘शरीरसंबंधांना सरावलेली’ होती आणि अंगावर जखमा नव्हत्या, याचा आधार या खटल्यात घेतला गेला. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. तरी ‘दोन बोटांची चाचणी’ दवाखान्यांतून चालूच राहिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

लग्नाच्या रात्रीच्या चादरीवरून नवरीची परीक्षा घेणाऱ्या जातपंचायतीविरुद्ध आपल्याच राज्यातले कंजारभाट समाजातले तरुण-तरुणी उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये पिंपरीत त्यांतल्या काहींना मारहाण झाली. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने असे प्रकार लैंगिक अत्याचार मानले जातील, असे जाहीर केले. पण “ती एक विशिष्ट जमात आहे” असे म्हणून हात झटकणाऱ्यांना मी आमच्या सल्ला केंद्रात बसायला बोलावीन. तिथे येणाऱ्या आईबापांना कोणती पंचायत नसते. ती शिकलेली, सोसायटीत राहणारी माणसे असतात. मुलगी दोन दिवस निघून जाऊन परतलेली असते, आणि प्रश्न येतो, “मॅडम, डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घेता येईल का?” मुलगी शेजारीच खाली मान घालून बसलेली असते. तू खुशीने गेलीस की तुझ्यावर जबरदस्ती झाली, हे तिला कोणीच विचारलेले नसते! खुशीने गेली असेल तर तिची इच्छा कोणाला नको असते. जबरदस्ती झाली असेल तर तो गुन्हा आहे, पण त्याआधी घराची अब्रू मोजायची असते.

शास्त्र याबाबत स्वच्छ आहे. कौमार्य सिद्ध करणारी कोणतीही तपासणी अस्तित्वात नाही. योनिपटल प्रत्येकीचे वेगळे असते, ते पाहून काहीही ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ही चाचणी बंद करा असे सांगितले आहे.

लग्नाआधी बाईचे शरीर बापाची ठेव, लग्नानंतर नवऱ्याची मालमत्ता. हा एकच हिशेब आहे. म्हणून तर २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीवरचा नवऱ्याचा बलात्कार हा बलात्कार धरलेला नाही. हे कोणत्या ‘तिकडचे’ म्हणायचे?

तेव्हा पुढच्या बैठकीत कोणी परदेशाची हकिगत सांगू लागले, तर ती जरूर ऐका. मग एवढेच विचारा की तिथे बाईच्या ‘नाही’ला आणि ‘हो’ला किंमत आहे का, आणि इथे आहे का? आपापल्या वस्तीतल्या डॉक्टरांना गटाने भेटा. अशी ‘खात्री’ करून देणार नाही, हे त्यांच्याकडून वदवून घ्या. समीरासाठी हळहळून काही होणार नाही. तिने कैरोत जे केले ते आपल्याला आपल्या गल्लीत करायचे आहे.